राखेखालचा निखारा आणि अंथरुणातली विडी

पानाच्या टपरीवर एका बाजूला टांगलेली जळती दोरी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. काथ्याचा सुंभ तो. सकाळी त्याचं टोक पेटवायचं, ज्योत फुंकून विझवायची आणि तसाच लटकत सोडायचा. मग दिवसभर तो नुसता धुमसत राहतो. त्याला ना ज्योत, ना आवाज. येणारा-जाणारा त्यावर विडी टेकवतो, दोन झुरके घेतो आणि चालू लागतो. वाऱ्याची झुळूक आली तरी सुंभ विझत नाही, उलट टोक अधिकच लाल होतं. ‘सुंभ जळला तरी पीळ जात नाही’ ही म्हण आपण माणसाच्या ताठ्याबद्दल वापरतो. पण तिच्यात आगीचं एक शास्त्रही दडलेलं आहे. ज्योतीशिवाय जळणारी वस्तू बराच वेळ आपला आकार टिकवून धरते, आणि म्हणूनच ती जळते आहे हे लांबून ध्यानात येत नाही.

मंडळी, आज आपल्याला बोलायचं आहे ते विडी-सिगारेटमुळे घरात लागणाऱ्या आगींविषयी. धूम्रपानाने शरीराचं काय होतं, हे आता सर्वांना ठाऊक आहे. 2016 सालापासून आपल्या देशात सिगारेटच्या पाकिटाचा 85 टक्के भाग त्या इशाऱ्यानेच व्यापलेला असतो. पण त्या इशाऱ्यात आगीचा उल्लेख नसतो. आणि आग तर ओढणारा कोण, न ओढणारा कोण, असं काही विचारत नाही. अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा संस्थांनी तिथल्या आगींचा अभ्यास केला, तेव्हा असं दिसलं की धूम्रपानामुळे लागलेल्या घरगुती आगींत दगावणाऱ्या दर चार जणांपैकी एक जण असा असतो, की ज्याच्या हातातली ती सिगारेट नव्हतीच. तो त्या घरातला दुसराच कुणीतरी असतो. म्हातारी आई, झोपलेलं मूल, किंवा वरच्या मजल्यावरचा शेजारी.

या आगीचं वैशिष्ट्य काय, तर ती लागताना दिसत नाही. स्टोव्हचा भडका उडाला, तर समोरचा माणूस ओरडतो, धावतो, काहीतरी करतो. विडीच्या थोटकाची आग अशी नसते. ज्याच्या हातून ती लागते तो तेव्हा झोपलेला असतो, किंवा घराबाहेर पडून तासभर झालेला असतो. असं का होतं, ते आधी समजून घेऊ.

आपल्या आज्या-पणज्यांच्या वेळी प्रत्येक घरात आगपेटी असेच असं नव्हतं. असली तरी काडी काटकसरीने वापरायची असे. रात्री स्वयंपाक झाला की चुलीतला एखादा चांगला निखारा राखेत पुरून ठेवत. सकाळी राख बाजूला सारायची, वर गोवरीचा चुरा ठेवायचा आणि फुंकर घालायची, की चूल पेटली. म्हणजे तो निखारा आठ-दहा तास राखेखाली जिवंत राहिलेला असे. राखेमुळे त्याला हवा थोडी मिळे, म्हणून तो भराभर जळून संपत नसे. आणि राखेमुळेच त्याची ऊब बाहेर जात नसे, म्हणून तो थंडही पडत नसे. थोडी हवा आणि भरपूर ऊब, एवढ्यावर निखारा रात्र काढतो.

आता आपली कापसाची गादी डोळ्यांसमोर आणा. पिंजलेला कापूस म्हणजे बारीक तंतू आणि तंतूंच्या मध्ये अडकलेली हवा. ऊब धरून ठेवावी म्हणूनच तर आपण ती वापरतो. अशा गादीवर सिगारेट पडली तर काय होईल? नुसती ठेवलेली सिगारेट दहा-बारा मिनिटं आपोआप जळत राहू शकते. तिच्या टोकाशी सहाशे-सातशे अंश सेल्सिअस तापमान असतं, आणि झुरका घेताना ते नऊशेच्या घरात जातं. कापूस याच्या निम्म्याहून कमी तापमानाला करपू लागतो. सिगारेट विझेपर्यंत तिने खालच्या कापसात एक निखारा पेरलेला असतो. वरून पाहिलं तर रुपयाएवढा काळा डाग. आत मात्र तो निखारा गादीच्या पोटात सरकत जातो, राखेखालच्या निखाऱ्यासारखाच. फरक एवढाच, की चुलीतल्या निखाऱ्याभोवती राख होती, आणि इथे त्याच्या चारही बाजूंना जळण आहे.

हे धुमसणं तासन् तास चालू शकतं. मग पंख्याचा वारा, उघडी खिडकी किंवा कूस बदलताना गादीला पडलेली फट, असं काहीतरी निमित्त होतं आणि ज्योत उठते. ‘रात्री अकराला सिगारेट ओढून झोपलो, आग तर तीनला लागली, मग सिगारेटचा काय संबंध?’ असा प्रश्न कुणालाही पडेल. संबंध असतो तो असा.

कापसाचा हा गुण मुंबईने फार मोठी किंमत मोजून पाहिला आहे. 14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर कापसाच्या गाठी होत्या आणि दारूगोळाही होता. दुपारी आग लक्षात आली, बंब आले, पाण्याचा मारा झाला. पण कापसाच्या गाठींच्या आतली आग काही हाती लागली नाही. चार वाजून गेले आणि स्फोट झाला. अग्निशमन दलाचे 66 जवान त्यात कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ आजही देशभर 14 एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. आग कापसातच सुरू झाली असावी, असं पुढे चौकशीत म्हटलं गेलं. त्या आगीचा आणि आपल्या घरच्या गादीचा तसा संबंध नाही. पण कापसातली आग वरून पाणी ओतल्याने विझली असं समजू नये, हा धडा दोन्हीकडे एकच.

आता कुणी म्हणेल, आमच्याकडे कापसाची गादी नाही, फोमची आहे. फोमचं गणित थोडं वेगळं. फोमवर सुती चादर किंवा सुती खोळ असेल तर ती आधी धुमसते आणि तिची धग खालच्या फोमला लागते. फोम एकदा का पेटला, की तो इतक्या वेगाने जळतो की काही मिनिटांत खोली धुराने भरते. त्या काळ्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी वायूही असतात. सोफ्याच्या बैठकीची आणि पाठीची जी खाच असते, ती तर थोटकासाठी जणू तयार केलेली जागा. निसटलेली सिगारेट बरोबर तिथे जाऊन बसते, आणि दोन्ही बाजूंनी ऊब कोंडली जाते.

अशा आगीत माणसं भाजण्याआधी बहुधा धुराने दगावतात. धुमसणाऱ्या आगीला हवा अपुरी मिळते, त्यामुळे तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड जास्त बाहेर पडतो. या वायूला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. झोपलेल्या माणसाला गुंगी येते आणि ती झोप वाढतच जाते. ‘धुराचा वास आला की जाग येईलच’ असं आपण धरून चालतो. पण गाढ झोपेत नाकावर विसंबून राहता येत नाही. त्यातून मद्य घेतलेलं असेल किंवा झोपेची गोळी घेतलेली असेल, तर मग बोलायलाच नको.

विडीबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं. विडीचं पान तेंदूचं. त्यातून हवा फारशी आत जात नाही. म्हणून झुरका घेतला नाही तर विडी थोड्या वेळात आपोआप विझते. विडी ओढणाऱ्यांना हे नेमकं माहीत असतं, आणि त्यातूनच एक गाफीलपणा येतो. ‘विडी काय, ठेवली की विझते!’ खरं आहे. पण विझते म्हणून ती पुन्हा पेटवावी लागते. एका विडीला दोन-तीन काड्या लागतात, आणि जितक्या काड्या तितक्या ठिणग्या. अर्धी विडी कानावर किंवा सदऱ्याच्या खिशात ठेवण्याची सवयही त्यातलीच. ती खरोखर विझली आहे का, हे पाहिलं जातंच असं नाही. शिवाय विडीतल्या तंबाखूचा जळता कण सहज गळून पडतो. आपल्या घरात विडी ओढणारं कुणी असेल, तर त्यांच्या धोतराला, लेंग्याला, गोधडीला बारीक काळ्या कडांची भोकं आहेत का, ते एकदा पाहा. अशी भोकं म्हणजे टळलेल्या आगी आहेत. गोधडीवर तीन भोकं दिसली, तर तीन वेळा नशीब आपल्या बाजूने होतं असं समजावं आणि चौथ्या वेळेची वाट पाहू नये.

गंमत अशी, की तेंदूच्या पानाला जे निसर्गतः साधतं, ते सिगारेटच्या कागदाला साधावं म्हणून परदेशात पंचवीस वर्षं झगडा चालला होता. 1979 साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वेस्टवुड या गावी सिगारेटमुळे लागलेल्या आगीत आईवडील आणि पाच मुलं असं अख्खं कुटुंब गेलं. तिथले काँग्रेस सदस्य जो मोकली यांनी तेव्हापासून हा विषय धरून ठेवला. सिगारेट अशी बनवा, की ओढली नाही तर ती स्वतःहून विझावी, अशी मागणी होती. उपाय साधा होता. सिगारेटच्या कागदावर दोन-तीन ठिकाणी जाडसर पट्टे द्यायचे. जळतं टोक त्या पट्ट्यापाशी आलं, की हवा कमी पडते आणि सिगारेट विझते. न्यूयॉर्क राज्यात 2004 मध्ये, कॅनडात 2005 मध्ये आणि युरोपीय संघात 2011 च्या नोव्हेंबरात अशा सिगारेटी सक्तीच्या झाल्या. त्याआधी 1973 पासून अमेरिकेत गाद्यांचीही परीक्षा घेतली जाऊ लागली होती. जळती सिगारेट गादीवर ठेवायची आणि गादी धुमसते का ते पाहायचं. या साऱ्यामुळे, आणि धूम्रपान करणारे कमी झाल्यामुळेही, तिथे 1980 नंतर अशा आगींतले मृत्यू निम्म्याहून खाली आले. मात्र पट्ट्यांची सिगारेटसुद्धा आग लावूच शकत नाही असं नाही. शक्यता कमी होते, एवढंच. खरा उपाय ज्याच्या त्याच्या घरातच करावा लागतो.

तो उपाय एका वाक्यात सांगायचा तर, अंथरुण आणि विस्तव यांची गाठ पडू द्यायची नाही. पलंगावर, गादीवर, आरामखुर्चीत आडवं होऊन विडी-सिगारेट ओढायची नाही. ओढायचीच असेल तर घराबाहेर, ओट्यावर किंवा अंगणात, ताठ बसून किंवा उभं राहून. डोळा लागण्याचा संभव असेल तर मुळीच नाही. मच्छरदाणीच्या आत तर कधीच नाही. नायलॉनची मच्छरदाणी क्षणात वितळते, पेट घेते आणि अंगावर चिकटते.

दुसरी गोष्ट, थोटूक टाकायचं कुठे? बशी चालत नाही, तिच्यावरून ते घरंगळतं. करवंटी तर मुळीच वापरू नये. वाळलेली करवंटी स्वतःच उत्तम जळण आहे. जुना पितळी किंवा स्टीलचा खोलगट डबा घ्यावा, त्यात तळाशी पाणी किंवा ओली वाळू ठेवावी आणि तो टेकूनच राहील अशा जागी ठेवावा. काडी विझवल्यावर बोटांनी मोडून दोन तुकडे करावेत. मोडता आली म्हणजे ती थंड झाली. डबा रिकामा करताना आधी पाणी घालावं, सारं नीट भिजू द्यावं आणि मगच कचऱ्यात टाकावं. प्लास्टिकच्या बादलीत कागदांवर पडलेलं एक कोरडं थोटूक पुरेसं असतं.

शहरातल्या मंडळींसाठी गॅलरीचा मुद्दा महत्त्वाचा. गॅलरीतून खाली भिरकावलेलं थोटूक रस्त्यावरच पडेल असं नाही. वाऱ्याने ते खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या कपड्यांवर, पावसाळी ताडपत्रीवर किंवा गॅलरीत रचलेल्या रद्दीवर पडतं. कुंडीत थोटूक खुपसण्याची सवयही सोडायला हवी. हल्ली कुंड्यांत माती कमी आणि कोकोपीट जास्त असतं. कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, टपरीवरच्या सुंभाचा सख्खा भाऊ. उन्हाळ्यात ते कोरडं पडलं की तसंच धुमसतं. जुने वाडे, लाकडी जिन्यांच्या चाळी इथे तर फळ्यांच्या फटीतून थोटूक खाली गेलं तर दिसतही नाही. खेड्यात गोठा आणि कडब्याची गंजी घराला लागूनच असते; तिथे विडी शिलगावणं म्हणजे घराशी खेळ.

करोनाच्या साथीपासून प्राणवायूचं यंत्र अनेक घरांत आलं आहे. दम्याच्या, फुफ्फुसाच्या जुन्या आजाराच्या रुग्णांना ते लागतं, आणि त्यांतले पुष्कळ जण पूर्वी विडी-सिगारेट ओढणारे असतात. प्राणवायू स्वतः जळत नाही, पण इतर सारं तो वेगाने जाळतो. यंत्र चालू असताना तो उशीत, केसांत, दाढीत, कपड्यांत साठून राहतो, आणि यंत्र बंद केल्यावरही लगेच जात नाही. म्हणून ज्या खोलीत प्राणवायू आहे, तिथे विडी, काडी, लायटर, निरांजन, उदबत्ती यांपैकी काहीही नको. पाहुण्यांनाही तसं स्पष्ट सांगावं.

आता सगळ्यांत अवघड भाग. घरात बहुतेक वेळा विडी ओढणारी व्यक्ती वयाने मोठी असते. आजोबांना, सासऱ्यांना, मोठ्या दिरांना कोण सांगणार? सुनेला बोलता येत नाही, मुलगा टाळतो, आणि भोकं पडलेल्या गोधडीला गुपचूप ठिगळ लावलं जातं. यावर एक गोष्ट ध्यानात ठेवली तर मार्ग निघतो. विडी सोडा असं सांगणं वेगळं आणि जागा बदला असं सांगणं वेगळं. पहिल्यात उपदेश येतो, मोठ्यांना तो लागतो. दुसऱ्यात काळजी असते. ‘आबा, विडी ओट्यावर बसून ओढा, मी चहा तिकडेच आणते,’ असं म्हटलं तर बहुधा कुणी दुखावत नाही. ओट्यावर पाणी घातलेला डबा आधीच ठेवलेला असावा. गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या माणसाला रात्री बाहेर जाणं जमत नसेल, तर पलंगाऐवजी शेजारी लाकडी खुर्ची ठेवावी आणि विडी संपेपर्यंत कुणीतरी जवळ बसावं. गप्पा होतात आणि विस्तवावर लक्षही राहतं. आगपेटी आणि लायटर उशाशी ठेवू नयेत, मुलांच्या हाताला लागतील असे तर नकोतच. ज्यांना खरोखर सोडायची इच्छा आहे, त्यांच्यासाठी सरकारची 1800 112 356 ही मोफत मार्गदर्शन दूरध्वनी सेवा आहे.

निजण्यापूर्वी आपण गॅसचा रेग्युलेटर पाहतो, दाराची कडी पाहतो. त्यात आणखी एक फेरी जोडावी. शेवटची विडी-सिगारेट विझल्यावर अर्ध्या तासाने सोफ्याच्या खाचा, गादीच्या कडा, पलंगाखालची जागा हाताने चाचपून पाहावी. कुठे ऊब लागते का, करपल्याचा वास येतो का? घरात मित्रमंडळी जमली होती, तर त्या रात्री ही फेरी चुकवू नये. शक्य असेल त्यांनी झोपायच्या खोलीबाहेर छताला बॅटरीवर चालणारा धूरसूचक बसवावा आणि महिन्यातून एकदा कळ दाबून तो वाजतो की नाही ते पाहावं. नाक झोपतं, ते यंत्र झोपत नाही.

एवढं करूनही गादी धुमसताना आढळली, तर काय करावं? भांडंभर पाणी ओतून त्याच गादीवर पुन्हा झोपू नये. डाग लहान असेल, ज्योत नसेल, तर बादलीभर पाण्याने तो भाग आतपर्यंत भिजवावा, खोळ कापून कापूस उसवावा, पुन्हा भिजवावा आणि घरातल्या सर्वांना जागं करून अग्निशमन दलाला कळवावं. ज्योत असेल किंवा धूर दाटला असेल, तर गादी ओढत बाहेर नेण्याच्या भरीस पडू नये. वारा लागून ती वाटेतच भडकते. सर्वांना घेऊन बाहेर पडावं, निघताना त्या खोलीचं दार ओढून घ्यावं. धुरात वाकून, जमिनीलगत सरकत जावं, कारण श्वास घेण्याजोगी हवा खालीच असते. लिफ्ट वापरू नये. बाहेर आल्यावर 101 किंवा 112 क्रमांकावर फोन करावा, आणि काही आणायला राहिलं म्हणून पुन्हा आत जाऊ नये.

अंगावरच्या कपड्याने पेट घेतला तर धावू नये. जागीच थांबावं, जमिनीवर पडावं आणि लोळावं. भाजलेल्या जागेवर नळाचं साधं पाणी वीस मिनिटं सोडावं. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद, तूप यांतलं काहीही लावू नये. स्वच्छ कपड्याने हलकेच झाकून रुग्णालय गाठावं. रुग्णवाहिकेसाठी 108 हा क्रमांक आहे.

यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही. एक जुना डबा, त्यात पेलाभर पाणी, रात्रीची एक फेरी आणि घरातल्या मोठ्यांशी बोललेलं एक गोड वाक्य, एवढंच लागतं. आज रात्री अंथरुणं घालताना गाद्या-गोधड्यांवर एकदा नजर फिरवा. एखादं भोक दिसलं, तर उद्या सकाळच्या चहालाच त्याविषयी बोला.